वगळलेल्या आकृत्या

अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या आम्हा निवृत्तांचा गेल्या वर्षी रत्नागिरीच्या एका कॉलेजात सत्कार झाला. संगमेश्वरकडच्या एका अंध मुलीला मी नकाशा वाचायला शिकवलं, असं मला शाल देताना सांगितलं गेलं. मी हात जोडून गप्प बसलो. ते खरं नव्हतं.

माझी सारी नोकरी हायस्कुलात भूगोल शिकवण्यात गेली. त्या मुलीची बी.ए.ची पुस्तकं मी फोनवर वाचून पाठवायचो. ती माझा आवाज वेग वाढवून इतका पळवून ऐकायची, की मला माझंच बोलणं कळत नसे. आकृती आली की मात्र मी "इथे आकृती आहे" एवढं म्हणून पान उलटायचो. तिला काय उपयोग, असं वाटायचं.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा ती रिक्षा करून घरी आली. अंध म्हणून नकाशाच्या प्रश्नाऐवजी तिला दुसरा, सोपा प्रश्न मिळणार होता. तिला तो नको होता. भूगोलातच एम.ए. करायचं, तर नकाशा टाळून कसं चालेल, हे तिचं म्हणणं.

"काका, आकृत्या सगळ्या खाल्ल्यात की तुम्ही!"

"अगं, त्या बघायच्या गोष्टी."

"मग बघा ना. बघायचं काम तुमचं, पुढचं माझं."

पुठ्ठा, लोकर, डिंक तिनेच मागून घेतलं. नकाशात सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा असतात. पुस्तकातल्या एका डोंगराच्या त्या रेषा मी पुठ्ठ्यावर मोठ्या काढल्या आणि तिचं बोट धरून त्यांवरून फिरवलं. मागोमाग ती लोकर चिकटवत गेली.

डिंक वाळल्यावर तिने दोन्ही तळवे पुठ्ठ्यावर ठेवले. मग एकेक रेष बोटांनी चाचपत गेली.

"इथे रेषा खेटून आहेत, म्हणजे चढ उभा. वर सपाट सडा, कातळाचं पठार. आणि काका, इथे रेषा डोंगराच्या पोटात वळल्यात. इथून पऱ्याचं पाणी खाली येत असणार. तुम्ही बोलला नाहीत."

"पऱ्याबिऱ्या काही नाही गं तिथे."

"परत बघा."

मी चष्मा पुसून पुस्तकात पाहिलं. बारीक निळी रेघ होती. आयुष्यभर मी मुलांना आधी निळी रेघ दाखवली आणि मग उतार सांगितला. हिने नुसत्या उतारावरून पाणी शोधलं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कागदावरचा डोंगर खरोखर उंच दिसला.

कॉलेजने खटपट करून परीक्षेत तसाच उठावाचा नकाशा देण्याची परवानगी मिळवली. तिने लेखनिकाला उत्तर सांगितलं. आता ती एम.ए.ला आहे.

परवा सत्काराची गोष्ट तिला फोनवर सांगितली. कोणी कोणाला शिकवलं, हे मी तिथे बोलायला हवं होतं, असंही म्हणालो.

"शाल राहू दे हो काका. नव्या पुस्तकातल्या आकृत्या कधी पाठवताय?"