विलासभाऊंचा उजवा कान

विलासभाऊंकडे कुणीही गेलं की ते आधी त्याची जागा बदलायचे. कुसगावात त्यांच्या घराला लागून एक पत्र्याची खोली होती. तिच्यात स्पीकर, वायरींची भेंडोळी आणि प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दाराजवळच्या खुर्चीत बसलो. त्यांनी मला उठवलं, खुर्ची उचलून आपल्या उजव्या अंगाला ठेवली आणि म्हणाले, "हितं बस. तितं बसलास तर मला नुसतं तुजं तोंड हलताना दिसल."

मला वाटलं, माणूस थट्टेखोर दिसतोय. पण ती थट्टा नव्हती. त्यांना डाव्या कानानं काहीच ऐकू येत नव्हतं. तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत लग्नाच्या रिसेप्शनला लोक ज्याला आवर्जून बोलवायचे, तो डीजे एका कानानं ठार बहिरा होता.

मी तेव्हा तिशीला आलो होतो. तळेगावच्या एका कारखान्यातलं माझं कंत्राटी काम सुटलं होतं आणि घरात वर्षाची मुलगी होती. एका मित्राच्या लग्नात मी हौसेनं लॅपटॉपवर गाणी लावली होती आणि लोक नाचले होते. तेवढ्या बळावर मी काम मागायला गेलो होतो. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. "गानी कुनाला बी लावता येत्यात," ते म्हणाले. "तुला ऐकाय येतं का, ते बघू."

ते मूळचे वलवणचे. वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमाला कर्णे बांधता बांधता त्यांना या कामाची गोडी लागली. पुढं स्वतःची सिस्टिम घेतली. वरातीत माणसाच्या उंचीच्या स्पीकरच्या डब्यांची भिंत लावायचे आणि तिच्याकडे डावा कान करून तासन् तास उभे राहायचे. अशी बारा वर्षं गेली. एका सकाळी ते दाढी करत होते आणि डाव्या बाजूला उभ्या असलेल्या सुलोचनावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, हाका मारून थकल्या. "शेवटी तिनं खांदा हलावला," भाऊ सांगायचे. "मी म्हनलं, कधी आलीस? ती रडायच लागली."

त्या वर्षी त्यांनी वराती सोडल्या आणि फक्त रिसेप्शनची कामं धरली. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या तळहातावर कारखान्यात मशीनवाले कानात घालतात तसले रबरी बोळे ठेवले. डीजेनं कानात बोळे घालायचे, याची मला लाज वाटली. मी ते खिशात टाकले. भाऊंनी ते बाहेर काढायला लावले. "कान काय बल्ब हाय व्हय, गेला की दुसरा बसवला?"

त्यांची कामाची रीत वेगळी होती. लॉनवर पोचल्यावर ते आधी म्हाताऱ्या माणसांच्या खुर्च्या कुठं मांडल्यात आणि तान्ह्या मुलांच्या आया कुठं बसणार, ते बघून येत. मग स्पीकरची तोंडं तिकडून वळवत. पहिला तासभर गाणी इतकी हळू ठेवत, की स्टेजसमोरच्या रांगेत उभे असलेले पाहुणे एकमेकांची ख्यालीखुशाली विचारू शकत. "लोक हितं भेटाय येत्यात, आपल्याला ऐकाय न्हाई," असं ते मला किती वेळा म्हणाले असतील. जेवणाच्या टेबलापाशी कुणाला ओरडून भात मागावा लागला, की त्यांना स्वतःचा अपमान वाटायचा.

नवरदेवाचे मित्र मात्र येऊन आवाज वाढवायला सांगायचेच. भाऊ कुणाला नाही म्हणत नसत. मिक्सरवर एक बटण होतं, त्याला काहीच जोडलेलं नव्हतं. मोठ्या गंभीरपणे ते बटण हळूहळू फिरवायचे आणि मित्राकडे बघून भुवया उंचावायचे. मित्र खूश होऊन ओरडायचा, "हां, आता कसं!" माझं हसू आवरायचं नाही. भाऊंच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही.

दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर राहिलो आणि मग सोडून गेलो. कारण साधं होतं. तळेगावात डीजेवाल्यांची एक नवी पार्टी निघाली होती. तिचे स्पीकर ट्रकमध्ये मावत नव्हते आणि पोस्टरवर डीजेचा फोटो असायचा. मला त्या पोस्टरवर यायचं होतं. भाऊंना सांगायला गेलो तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला उभं राहून बोललो. माझा तो कोतेपणा आज आठवला तरी तोंड लपवावंसं वाटतं. त्यांनी मान वळवून विचारलं, "काय म्हनलास?" मग मला समोर येऊन सगळं पुन्हा सांगावं लागलं. ते म्हणाले, "जा. बोळे घालत जा, एवढंच."

मी घातले नाहीत. एका लग्नसराईत माझा फोटो पोस्टरवर आला. त्या हंगामातल्या शेवटच्या लग्नानंतर माझ्या दोन्ही कानांत शिट्टी वाजायला लागली. ती दुसऱ्या दिवशी थांबली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मुलगी तेव्हा दिवसभर बडबड करायची. ती काहीतरी सांगत होती, मी हसून मान हलवत होतो आणि बायको माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "अहो, ती पडली म्हणतेय. गुडघा फुटलाय तिचा."

मी थेट कुसगावला गेलो. वाटेत मनातल्या मनात बरीच वाक्यं जुळवली होती, पण एकही बोलावं लागलं नाही. भाऊंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"शिट्टी वाजती का?"

"हो."

"कंच्या कानात?"

"दोन्ही."

त्यांनी खोलीला कुलूप लावलं, मोटारसायकल काढली आणि मला मागं बसवून तळेगावला त्यांच्या ओळखीच्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत माझी तपासणी चालली होती तेव्हा ते बाहेर बाकावर टोपी हातात धरून बसले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडं गेलंय, ते परत येणार नाही. पण आत्ता थांबलात तर बाकीचं टिकेल." भाऊंनी मोठा श्वास सोडला. माझे वडील असते तर त्यांनीही असाच सोडला असता.

डॉक्टरीणबाईंनी मग त्यांनाच विचारलं, "आणि तुमचा उजवा? किती दिवस टाळताय?" ते उठून निघाले होते. मी त्यांचा हात धरून त्यांना काचेच्या खोलीत बसवलं. त्यांच्या तपासणीच्या कागदावरची रेघ उतरणीवरच्या रस्त्यासारखी खाली गेलेली होती. उजवा कानही चालला होता, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

परतताना ते एका टपरीवर थांबले. चहा बशीत ओतून निववला. मग म्हणाले, "आता मला सोडावंच लागनार. पन तुला नीट शिकवूनशान सोडीन. येनार का?" मी त्यांना टाकून गेलो होतो, आणि येणार का असं तेच मला विचारत होते. मी मान हलवली.

पुढची दोन वर्षं मी मिक्सरवर आणि ते लोकांत, असं काम चाललं. त्यांनी कानाचं यंत्र लावून पाहिलं, पण गाण्यात त्याचा नुसता गोंगाट व्हायचा. ते काढून खिशात ठेवायचे आणि लोकांचे चेहरे बघत फिरायचे. लोणावळ्याच्या एका रिसेप्शनला ते घाईनं माझ्याकडे आले. "ती म्हातारी बघ, कानाला पदर लावून बसलीया. खाली घे." मी आवाज उतरवला. थोड्या वेळानं म्हातारीनं पदर सोडला आणि शेजारणीशी बोलायला लागली. त्यांच्या बोलण्यातला एकही शब्द भाऊंना ऐकू येणार नव्हता. तरी त्या दोघी बोलताहेत हे बघून ते स्वतःशीच हसले.

त्यानंतर त्यांनी येणं थांबवलं आणि सिस्टिम माझ्या हाती सोपवली. आज माझे दोन्ही कान काम देतात. मी बोळे घालतो, दर वर्षी तपासणी करून घेतो. माझी मुलगी आता शाळेत जाते आणि स्वयंपाकघरातून हळू आवाजात काही म्हणाली तरी मला समजतं. हे सगळं एका माणसामुळे आहे आणि त्याला मी कधी तसं म्हटलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात भाऊ हृदयाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले. तोवर त्यांना काहीच ऐकू येईनासं झालं होतं. मी भेटायला गेलो, त्यांच्यासमोर बसलो, पण काय करावं ते सुचेना. शेवटी मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'भाऊ, तुमच्यामुळे मला माझ्या मुलीचा आवाज ऐकू येतो. मी तुमचा फार ऋणी आहे.' आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा लावला. ओठ हलवत, एकेका शब्दावर थांबत त्यांनी ते दोनदा वाचलं. मोबाइल परत दिला, पण माझा हात सोडला नाही. महिन्याभरातच ते गेले, पण त्या दुपारी त्यांचा आवाज खणखणीत होता. आपण किती मोठ्यानं बोलतोय हे त्यांना कळत नव्हतं, त्यामुळे आतून सुलोचनावहिनीही धावत आल्या.

"लय उशीर केलास सांगाय," ते म्हणाले. "पन आलं बरं का. आलं ऐकू."