कुंडलिकच्या हातून बिघडलेला ब्रेक

वर्तकनगरात कुणाची सायकल बिघडली की लोक सांगायचे, पंक्चर कुठेही काढ, पण ब्रेकचं काम असेल तर कुंडलिककडेच जा. पाण्याच्या टाकीला लागून त्याची पत्र्याची टपरी होती. बहात्तरच्या दुष्काळात जालन्याकडून तो ठाण्याला आला, तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा होता. खोपटला एका सायकलवाल्याकडे आठ-नऊ वर्षं हात काळे केले आणि मग एक्याऐंशी साली ही टपरी टाकली. तेव्हा वागळे इस्टेटच्या कारखान्यांत जाणारी निम्मी माणसं सायकलवर असायची. सकाळच्या पाळीला निघालेली माणसं त्याच्याकडे हवा भरून जायची.

त्याची एक रीत होती. ब्रेकचे नवे रबर बसवले की सायकल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी तो स्वतः तिच्यावर टांग मारायचा, टाकीला वळसा घालून जोरात यायचा आणि टपरीसमोरच्या गटाराच्या झाकणावर पुढचं चाक थांबवायचा. चाक झाकणाच्या पुढे गेलं की पाना पुन्हा हातात. गिऱ्हाईक घाईत असलं, कामावरचा भोंगा झाला असला, तरी तो ऐकायचा नाही. "चेन तुटली तर माणूस चालत जातो," तो म्हणायचा, "ब्रेक गेला तर उचलून न्यावा लागतो." सतरा वर्षांत त्याच्या हातच्या सायकलीवरून ब्रेकपायी कुणी पडलं नव्हतं, आणि हे तो कुणाला सांगत नसला तरी त्याला ठाऊक होतं.

अठ्ठ्याण्णव साली पावसाळा संपता संपता सुमेधा त्याच्याकडे आली. ती जवळच्याच शाळेत विज्ञान शिकवायची, वय सव्वीस-सत्तावीस. तिचा भाऊ जहाजावर इंजिनीअर होता आणि त्याने परदेशातून एक सायकल आणली होती. रोज पहाटे फटफटलं की ती उपवनच्या तळ्यावरून येऊरच्या डोंगराच्या चढावर जायची. सायकल पाहून कुंडलिक उकिडवा बसला तो बसलाच. रिमला ब्रेकचे रबरच नव्हते. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधोमध एकेक पातळ, भोकाभोकांची पोलादी चकती होती आणि चाक धरणाऱ्या चिमट्याला एक मुठीएवढी डबी बसवलेली होती. डबीतून वायर वर ब्रेकच्या दांडीपर्यंत गेली होती.

"ब्रेक जरा ढिले लागतात, काका," सुमेधा म्हणाली. "आणि पावसाचा चिखल बसलाय. तेलपाणी करून ठेवाल का? संध्याकाळी नेते."

"ठेवा," कुंडलिक म्हणाला.

हा ब्रेक कसा चालतो, हे त्याने विचारलं नाही. पंचवीस वर्षं मुरलेला हात, त्यात समोर त्याच्याहून कितीतरी लहान बाई. विचारायला जीभ रेटली नाही. त्याने वायर ताणून घेतली, चाकं आणि चेन धुतली, आणि रीतीप्रमाणे टाकीला वळसा घालून आला. दांडी जरा दाबली तर सायकल जागच्या जागी उभी राहिली, झाकणाच्या वीतभर अलीकडे. असा ब्रेक त्याने जन्मात पाहिला नव्हता. तो खूष झाला.

आणि त्या खुषीतच, काम संपल्यावर, त्याला चकतीवर गंजाचे चार तांबूस ठिपके दिसले. स्कूटरच्या क्लचप्लेटी त्याने पाहिल्या होत्या, त्या तेलातच चालतात. ही पण तसलीच प्लेट, त्याने मनाशी ठरवलं. चेनीला तेल दिलेलं फडकं हातात होतंच. दोन्ही चकत्या त्याने दोन्ही बाजूंनी निगुतीने पुसल्या. चकत्या आरशासारख्या चमकायला लागल्या. संध्याकाळी सुमेधा आली तेव्हा सायकल तयार होती. ती हातात धरून समोरच्या इमारतीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास ती परत आली. सायकल ढकलत होती. डाव्या कोपरावर रुमाल बांधलेला, सलवार गुडघ्यावर फाटलेली.

"काय झालं, ताई?"

"येऊर उतरताना ब्रेक लागलाच नाही," ती म्हणाली. "दांडी पार आत गेली, नुसती कुईं कुईं ओरडली. वळणावर समोरून दूधवाला येत होता. मग मी सायकल मातीच्या चढावर घातली. वाचले म्हणायचं. हे परदेशी ब्रेक आपल्याकडच्या पावसात टिकत नसतील."

कुंडलिकने तिला बाकावर बसवलं, प्यायला पाणी दिलं. मग चकतीजवळ वाकला. उन्हात चकतीवर निळी-जांभळी झाक मारत होती, रस्त्यावर डिझेल सांडलं की पाण्यावर दिसते तशी. त्याने बोट फिरवलं आणि नाकाजवळ नेलं. त्याच्याच डब्यातलं तेल होतं. डबीच्या आत वाकून पाहिलं तेव्हा दोन बाजूंनी चकतीला चिमटीत धरणारे दोन छोटे तुकडे दिसले. तेल पिऊन काळे पडलेले. काल हे पाहिलं असतं तर त्याला एका क्षणात कळलं असतं. सायकलच्या रिमला कुणी तेल लावतं का?

सुमेधाला यातलं काही माहीत नव्हतं. पावसावर ढकललेला दोष तसाच राहू दिला असता तरी चाललं असतं. कुंडलिक फडक्याला हात पुसत राहिला. मग तिच्यासमोर उभा राहिला.

"ताई, पावसाचं काही नाही. हे माझ्या हातून झालंय. त्या चकतीला मी तेल लावलेलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "तेल? ब्रेकला?"

"मला वाटलं क्लचप्लेट असंल. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं."

सुमेधाला राग आला होता आणि तो तिने लपवला नाही. "तो दूधवाला दोन हात पुढे असता तर, काका?" एवढंच ती म्हणाली आणि सायकल तिथेच ठेवून पायी घरी गेली.

त्या दिवशी कुंडलिकने दुसरं काम घेतलं नाही. चकत्या गरम साबणाच्या पाण्याने तीनदा धुतल्या, दवाखान्यातून स्पिरिट आणून पुसल्या, आणि नवं धुतलेलं फडकं वापरलं. पण ते छोटे तुकडे काही केल्या तेल सोडेनात. पॉलिशपेपरने घासले तरी आतून ओलसरच. शेवटी ते घेऊन तो घरी गेला.

त्याची बायको शांताबाई चुलीपाशी होती. तिने तव्यावर ठेवलेले तुकडे पाहिले. "माझ्या तव्यावर काय भाजताय?"

"ब्रेक."

तुकड्यांतून धूर निघाला, खोलीभर जळक्या तेलाचा वास सुटला. "सकाळी ज्या टीचर पडल्या म्हणतात, त्यांचंच ना हे?" तिने थोड्या वेळाने विचारलं. तो हो म्हणाला. "मग भाजा. तवा मी घासून घेईन."

भाजूनही जमलं नाही. सायकल झाकणाच्या पुढे चार हात जाऊन थांबली. असे तुकडे ठाण्यात कुठे मिळणार नव्हते, आणि भाऊ जहाजावरून कधी पाठवील याचा नेम नव्हता. तेव्हा कुंडलिकला दौलत आठवला. खोपटला एसटीच्या आगाराच्या मागे दौलत ट्रकच्या ब्रेकना नवे लायनर, म्हणजे घासणारे पट्टे, चिकटवून द्यायचा. दोघं सायकलवाल्याकडे काम करत होते तेव्हापासूनची त्यांची ओळख.

दौलतने तो तुकडा चिमटीत धरून उजेडात फिरवला. "हे काय, उंदराच्या ब्रेकचं आहे काय रे?"

"होईल का?"

"होईल. स्कूटरचा लायनर घासून पातळ करू. भट्टीत चिकटवू. पण कुंडलिक, धरायची खात्री तू करायची. मी नाही."

"खात्री मीच करणार," कुंडलिक म्हणाला.

दोन दिवसांनी नवे तुकडे बसवले. पहिल्या फेरीला ब्रेक धडपणे धरेना आणि कुंडलिकचा जीव खालीवर झाला. मग त्याच्या लक्षात आलं, नवा लायनर आहे, चकतीशी त्याची ओळख व्हायला हवी. तो सायकल घेऊन उपवनच्या तळ्याकाठी गेला. सपाट रस्त्यावर जोर धरायचा, हळूहळू दाबायचं, पुन्हा जोर धरायचा. दहाव्या वेळी ब्रेक थोडा धरायला लागला. तिसाव्या वेळी सायकल मनासारखी थांबली. तरी तो चाळीस वेळा थांबला. फिरायला आलेली माणसं या थांबत थांबत जाणाऱ्या माणसाकडे बघत होती.

रविवारी सकाळी त्याने सुमेधाला निरोप पाठवला. ती तळ्यापाशी आली. कोपरावर पट्टी होती.

"द्या, मी बघते," ती म्हणाली.

"आधी मी उतरणार. तुम्ही इथं थांबा."

"काका, तुम्हाला येऊरचा चढ..."

"चढ चालत जाईन. उतार महत्त्वाचा."

सायकल ढकलत तो वर गेला. पंचेचाळिशीला आलेला माणूस, दम लागला, दोनदा दगडावर टेकला. ज्या मातीच्या चढावर ती पडली होती तिथे चाकाची खूण अजून होती. तिथे तो थोडा जास्त थांबला. मग वरच्या वळणावरून सायकलवर बसला आणि सोडून दिली. वारा कानात शिरला. पहिलं वळण आलं, त्याने दाबलं, सायकल आज्ञेत राहिली. दुसऱ्या वळणाला समोरून जीप आली, त्याने दाबलं, आणि तो पाय टेकून बाजूला उभा राहिला. भीती वाटली नाही असं नव्हे. पण ही भीती सुमेधाने आधी एकटीने सोसली होती, हा विचार खाली येईपर्यंत त्याच्या मनातून गेला नाही.

तळ्याजवळ त्याने सायकल तिच्यासमोर उभी केली. घामाने सदरा पाठीला चिकटला होता.

"आता न्या," तो म्हणाला.

सुमेधाने दांडी दाबून पाहिली, सोडली, पुन्हा दाबली. "पुढच्या वेळी वायर ताणायची असेल," ती म्हणाली, "तर मला समोर बसवून करा. मलाही शिकायचंय. दोघांना कळलेलं बरं."

त्यानंतर दर महिन्याला ती टपरीवर यायची. चकती कशी धुवायची, तुकडे किती झिजले की बदलायचे, चाक काढताना तेलकट बोट कुठे लागू द्यायचं नाही, हे दोघं मिळून शोधत गेले. कधी तिच्या भावाने पाठवलेला इंग्रजी कागद ती मराठीत वाचून दाखवायची, कधी कागदात नसलेलं कुंडलिकच्या कानाला आवाजावरून कळायचं. दोन हजार सालापर्यंत डोंबिवलीहून, कल्याणहून अशा तीन-चार सायकली त्याच्याकडे यायला लागल्या. नवी सायकल आली की कुंडलिक आधी साबणाने हात धुवायचा, मालकाला बाकावर बसवायचा आणि म्हणायचा, "हात लावायच्या आधी सांगा, हे कसं चालतं?"