पंचानं टाळलेली मॅच

"नियम काय म्या केल्यात व्हय रं? यंत्राला इचार जा."

फोन खांद्यात आणि कानात दाबून रेनी स्टोव्हॉल टँकरपाशी वाकला होता. नळीचं तोंड गारठ्यानं धरलं होतं, ते हातानं चोळत होता. पलीकडं गार्लंड हार्गेट. त्याचा आवाज एवढा की डेपोच्या दारात उभं राहून मला सगळं ऐकू येत होतं.

"यंत्राला जीभ हाय का? पंच तू हायस. तिघं सारखं झालो तर फायनलला कोण?"

"तू आन मी."

"आन डॉयल?"

"ऱ्हातोय भाईर."

मग गार्लंड म्हणाला, "बरं झालं." पण बरं झाल्यासारखा काही त्याचा आवाज नव्हता.

"बरं झालं तर ठेव फोन. माझी बोटं गळाय लागल्यात."

रेनी गॅसचा टँकर चालवतो. डोंगराच्या अल्याड-पल्याड जेवढी घरं, त्यांच्या परसातल्या टाक्या हाच भरतो. मी डेपोत फोनवर बसतो आणि कुणाची टाकी तळाला गेली ते त्याला सांगतो. अलाबामातल्या आमच्या गावात हिवाळा थोडा, पण येतो तेव्हा भूत मागं लागल्यासारखा येतो. अशा दिवसांत रेनी घरी फक्त झोपायला जातो.

शाळेत असताना तो फुटबॉल खेळायचा. आमचा फुटबॉल, चेंडू काखेत मारून पळायचा. रेनीच्या वाट्याला कधी चेंडू आला नाही. पुढच्या रांगेत उभं राहायचं आणि समोरच्याच्या अंगावर पडायचं, एवढंच त्याचं काम. त्यात एक गुडघा गेला. तो गुडघा अजून टँकरची पायरी चढताना बोलतो.

शाळा सुटली, लग्नं झाली, पोटं सुटली, तरी आम्ही सहा जण कॉलेज फुटबॉलचा व्हिडिओ गेम खेळतो. आपापल्या घरी बसून, कानाला हेडफोन लावून. प्रत्येकानं एक दळभद्री टीम घ्यायची आणि वर आणायची. नावाजलेली टीम घेणाऱ्याला आमच्यात बायकासुद्धा हसतात. गटात बारा टीमा, सहा आमच्या, सहा गेमचं यंत्र स्वतःच खेळवतं त्या. हंगाम संपला की पहिल्या दोघांची फायनल.

ह्या सगळ्यावर एक पंच लागतो. वेळापत्रक लावायचं, गुरुवारी संध्याकाळी बटण दाबून आठवडा पुढं ढकलायचा. गुरुवारपर्यंत जो खेळला नाही त्याची टीम यंत्र खेळवतं, त्यावर रडायचं नाही. आधीचा पंच वैतागून निघून गेला, तेव्हा रेनी लघवीला गेला होता. परत येईपर्यंत तो पंच झालेला होता. तेव्हापासून तोच आहे. भांडणं त्याच्याकडं, रुसवे त्याच्याकडं. त्यानं स्वतः एकच नियम घातला, मुद्दाम हरायचं नाही. त्यापायी आपल्या सख्ख्या मावसभावाला त्यानं काढून टाकलं. मावशी अजून त्याला केक पाठवत नाही.

इतके हंगाम झाले, पण रेनी स्वतः फायनलला कधी पोचला नव्हता. ह्या खेपेला शेवटची एक मॅच जिंकली की पोचणार होता. आणि ती मॅच होती माझ्याशी. माझ्या टीमनं हंगामभर एकही मॅच जिंकलेली नव्हती.

आता गार्लंड आणि डॉयलचं सांगतो. ते सख्खे भाऊ. बाप मेल्यावर गार्लंडनं बापाची मासे धरायची बोट डॉयलला न विचारता विकली. बोलणं तुटलं. गेल्या हंगामात दोघांची मॅच लागली, तेव्हा खेळ राहिला बाजूला आणि हेडफोनवर बाप निघाला, आई निघाली, आईच्या शेवटच्या दिवसात कोण किती वेळा आलं ते निघालं. आम्ही सगळे ऐकत. डॉयलनं अर्ध्यात यंत्र बंद केलं. रेनीला मॅच गार्लंडला द्यावी लागली.

आमच्या डोंगरात भावकी फाटली तरी कुणी चर्च सोडत नाही. आईबाप तिथंच पुरलेले असतात, सोडून जायचं कुठं? मग एक घर सकाळी लवकरच्या प्रार्थनेला जातं आणि दुसरं अकराच्या. पाद्री काही बोलत नाही, पण दोन्ही वेळांच्या मधे गाड्या लागायची जागा रिकामी होईल एवढी सवड ठेवतो. कैक घरं अशीच म्हातारी झाली.

रेनीनं वेळापत्रकात तेच केलं. टीमा बारा आणि प्रत्येकाच्या गटातल्या मॅची आठ, म्हणजे कुणी ना कुणी कुणाला भेटत नाहीच. कोण कुणाला भेटणार नाही ते यंत्र ठरवतं. रेनी ह्या हंगामाच्या आधी यंत्राकडून वेळापत्रक काढून घेई, बघे, पुसून परत काढी. हार्गेट बंधू समोरासमोर येत नाहीत असं निघालं तेव्हा थांबला. एकदा हंगाम सुरू झाला की त्याला कुलूप लागतं, पंचालाही ते उघडत नाही.

झालं भलतंच. शेवटचा आठवडा उरला तेव्हा गार्लंड, डॉयल आणि रेनी, तिघांची एकेक हार. भावांनी आपापली शेवटची मॅच जिंकून ठेवलेली. गार्लंडनं रेनीला हरवलेलं, रेनीनं डॉयलला. रेनी मला हरवणार हे कुत्र्यामांजरालाही ठाऊक होतं. मग तिघं सारखे. अशा वेळी यंत्र आधी बघतं, आपसात कुणी कुणाला हरवलं. पण तिघंही एकमेकांशी खेळलेले असले तरच. दोघं खेळलेलेच नाहीत, तर तो नियम गळतो आणि यंत्र आपल्या क्रमवारीकडं बघतं. क्रमवारीत गार्लंड वर, खाली रेनी, तळाला डॉयल. रेनीच्या वेळापत्रकात भावाच्या जागी डॉयलच्या समोर एक मरतुकडी टीम आली होती, तिला हरवून वर कसा चढणार?

दुपारी आम्ही डेपोत जेवत होतो. घेवड्याची उसळ, मक्याचा पाव, कच्चा कांदा. डॉयल आत आला. टायरच्या दुकानातनं तसाच आलेला, हात काळे.

"जेव की," रेनी म्हणाला.

"तुझ्या हातचं नगं."

"बायकूच्या हातचं हाय."

डॉयल बसला नाही. "मला त्याच्यासंगं का लावलं न्हाईस?"

"कुणाच्या?"

"येड्याचं सोंग घिऊ नगंस. गार्लंडच्या."

"गेल्या साली काय तमाशा केला तुमी दोघांनी, इसरलास?"

"म्हून मला झाकून ठिवलंस? म्या काय म्हातारी हाय, घोंगडी पांघरून कोपऱ्यात बसवायला? आन आता सोताच फायनलला चाललास. लई सोयीचं झालं की गा पंच."

रेनीनं पाव खाली ठेवला. "माझ्या सोयीचं काय झालं असंल ह्या गावात, तर मला बी दाव."

"मला त्याला हरवायचं हुतं," डॉयल म्हणाला. मग जरा थांबून, "न्हाईतर त्यानं मला. कायबी. त्येवढा एकच दिस तर असतोय वर्साचा."

"मग त्याच्या दारात जा. पलीकडच्याच रस्त्याला ऱ्हातोय."

"दारात? मरंन, पर न्हाई." डॉयलनं रेनीच्या पुढ्यातला कांदा उचलला, कचकन चावला. "फुडल्या साली मला धरू नगा. म्या न्हाई खेळत." आणि गेला.

रेनीनं उरलेला पाव कागदात गुंडाळून ठेवला. "सकाळी गार्लंडला सांगितलं, डॉयल भाईर ऱ्हातोय," तो म्हणाला, "तर त्याचं बी थोबाड पडलं. येकानं तरी खूश व्हावं का न्हाई?"

"तू हरलास तर दोघं फायनलला भिडतील," मी म्हणालो.

"मला मोजता येतंय."

"मी आपलं बोललो."

"नियम कुणी घातलाय? म्या. मावशीचा केक कुणाचा बंद हाय? माझा. चार वाजता घरी जातो, जेवतो, तुला बडवतो आन फायनलला जातो. बास. दमलोय गड्या म्या ह्या लोकांस्नी."

त्या दिवशी गुरुवार. दुपारनंतर वारं फिरलं, पाणी गोठायला लागलं आणि माझे फोन सुरू झाले. कुणाच्या घरात म्हातारा, कुणाच्या घरात तान्हं मूल. टँकर दोन, आणि दुसऱ्या टँकरवाल्याला ताप. तरी खरं सांगतो, चार वाजता यादीतलं एकही घर असं नव्हतं की सकाळपर्यंत तग धरणार नाही. मी रेनीला वायरलेसवर म्हणालो, "ये आता. बाकीचं उद्या."

"मिसेस टॅकरची टाकी किती हाय?"

"पाव."

"मग भरूनच येतो."

"पाव म्हणजे आठवडा जाईल की तिचा."

"भरून येतो म्हटलं न्हवं."

तिच्यानंतर अजून एक घर, मग डोंगरापलीकडचं एक. मी घरी जाऊन यंत्रापुढं बसलो. रेनी आलाच नाही, आठवड्याचं बटण तेवढं फोन करून बायकोकडनं दाबून घेतलं. नियमाप्रमाणं त्याची टीम यंत्रानं खेळवली. यंत्र माझ्याहून गाढव निघालं. हंगामातली माझी पहिली जीत ती, आणि बायकोला सांगायला गेलो तर ती म्हणाली, दाराच्या फटीत कापड लाव, वारं येतंय.

फायनल रविवारी, अकराची प्रार्थना संपल्यावर. थंडी हटलेली नव्हती, म्हणून मी डेपोत आणि रेनी टँकरवर. ग्रुपच्या फोनवर रेनी सोडून आम्ही सगळे कान लावून बसलेलो. चारांतले पहिले दोन भाग दोघं भाऊ एक शब्द बोलले नाहीत. नुसतं श्वास घेणं. डॉयलला नाक ओढायची सवय, ती तेवढी ऐकू येत होती. मला वाटलं, आता यंत्र बंद होतंय की मग होतंय.

तिसऱ्या भागात डॉयल म्हणाला, "इंजिन बी इकलंस का बोटीचं?"

"न्हाई," गार्लंड म्हणाला. "कोठारात पडलंय."

"चालतंय?"

"कशाचं चालतंय. उंदरांनी घर केलंय."

डॉयलनं गुण घेतले. गार्लंडनं शिवी दिली, पण ती खेळातली.

"बघाय येऊ का?" डॉयल म्हणाला.

"ये. दार उघडंच असतंय. माझ्याशी बोलाय नगं आसंल तर हाक मारू नगंस."

"न्हाईच मारणार."

कोण जिंकलं ते सांगण्यासारखं नाही, शेवटी दोघांनीही फोन न सांगता ठेवला. डॉयल पुढच्या साली खेळणार की नाही तेही कुणी विचारलं नाही. मी वायरलेस उचलला आणि हे सगळं रेनीला जसंच्या तसं सांगितलं. उंदरांसकट.

पलीकडं त्यानं पंप बंद केला, घरघर थांबली.

"रेनी, गुरुवारी तू मुद्दाम नाही आलास."

"थंडी पडली हुती."

"मिसेस टॅकरची टाकी पाव होती."

"तिची म्हातारी बहीण आलीया ऱ्हायाला. तिला लई हिव भरतं." मग खोकला. मग पायरीवर गुडघा कटकन बोलला तो मला इकडं ऐकू आला. "कुणाला कायबी बोलू नगंस. न्हाईतर मला सोताला काढाय लागंल."

"नाही बोलत."

"फुडचं घर सांग."

मी सांगितलं. ओढ्याच्या वळणावरचं, लाल पत्र्याचं, कुत्रं बांधलेलं नसतं. तो म्हणाला, व्हय, ठावं हाय ते कुत्रं, आणि टँकर गिअरमध्ये पडल्याचा आवाज आला.