पाशामियाँनी तोललेलं ग्राफिक्स कार्ड

उदगिरात कुणाला बोअरची मोटार घ्यायची असो, कूलर घ्यायचा असो नाहीतर जावई पसंत करायचा असो, पाशामियाँना विचारल्याशिवाय पान हलत नाही. निदान पाशामियाँचा तसा पक्का समज आहे, आणि तो मोडून काढायची हिंमत गल्लीत अजून कुणी केलेली नाही. जळालेल्या मोटारी भरून द्यायचं त्यांचं दुकान आहे. म्हणजे आतली जळकी तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळायची. हयात तांब्यात गेल्यामुळे एक गोष्ट त्यांच्या डोक्यात घट्ट बसली आहे: जड ते खरं, हलकं ते भेसळीचं. हलकी मोटार म्हणजे आत ॲल्युमिनियम. हा नियम त्यांनी मोटारींपुरता ठेवला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण त्यांनी इस्त्री तोलून घेतली, मिक्सर तोलून घेतला, आणि थोरल्या मुलीला स्थळ आलं तेव्हा मुलगा अंगानं भरलेला आहे ना, हे आधी पाहिलं. तो जावई निघाला गुणी. मग तर विचारायलाच नको.

‘मला माहीत नाही’ हे शब्द त्यांच्या तोंडून त्यांच्या बायकोनं, अफसानानं, लग्नापासून एकदाही ऐकलेले नाहीत. रस्ता चुकला तरी ते म्हणतात, “इकडून हवा चांगली लागती.”

अशा माणसाच्या धाकट्या मुलीला, मनतशाला, कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड हवं होतं. मनतशा लातूरला शिकून आर्किटेक्ट झाली होती. पुण्याच्या एका ऑफिसनं तिला सांगितलं, तुमच्या गावच्या किल्ल्याची कॉम्प्युटरवर सफर घडवून दाखवा, सोमवारपर्यंत पाठवा. आवडली तर नोकरी तुमची. पोरीनं किल्ला रचला. पण त्याची फिल्म काढायची वेळ आली तेव्हा घरातल्या जुन्या मशीननं मान टाकली. नवं कार्ड घातल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

कार्डं दोन होती, किंमत जवळपास सारखीच. कुठलं घ्यायचं ते मनतशानं केव्हाच ठरवलं होतं. अडचण एवढीच होती, की त्या घरात कुठलीही चीज अब्बांच्या पसंतीशिवाय येत नसे, आणि एकदा आलेली चीज परत जात नसे. परत करणं म्हणजे थुंकलेलं चाटणं, असं पाशामियाँचं मत. तेव्हा अब्बांनी चुकीचं कार्ड उचललं की सोमवार बुडाला आणि नोकरीही बुडाली. हे मनतशाला कळत होतं. पाशामियाँना फक्त आपल्याला विचारलं, एवढंच कळलं होतं, आणि त्या आनंदात ते इस्त्रीचा शर्ट घालून तिला घेऊन लातूरला निघाले.

दुकानदार सुदर्शननं दोन्ही कार्डं काउंटरवर मांडली. “चाचा, हे नवं. तीन पंखे, आठ जीबी मेमरी, स्पीडला लई भारी. आन् हे जरा मागचं. दोन पंखे, पण मेमरी बारा जीबी.”

“अब्बा, मला बारावालं पाहिजे,” मनतशा म्हणाली. “माझा किल्ला आठात मावत न्हाई.”

“वीतभर डबडं हाय दोन्ही,” पाशामियाँ हसले. “ह्याच्यात मावत न्हाई अन् त्याच्यात मावतो?”

मनतशानं मोबाईलवर दोघांची तुलना काढली आणि वाचायला लागली. कोर किती, क्लॉक स्पीड किती, वीज किती खातं, खेळात कोण पुढं. पोरगी इमानी, त्यामुळे नवं कार्ड जिथं जिथं सरस होतं तेही तिनं गाळलं नाही, आणि ते बहुतेक ठिकाणी सरस होतं. पाशामियाँनी तेवढंच ऐकलं. “बघ, तूच सांगून राहिली,” असं म्हणून ते उठले आणि शेजारच्या सुकामेव्याच्या दुकानातून काटा मागून घेऊन आले.

तीन पंख्यांचं कार्ड चांगलंच जड भरलं.

“तांबं खोटं बोलत न्हाई,” पाशामियाँ म्हणाले.

“चाचा, त्यात जास्त ॲल्युमिनियमच असतंय,” सुदर्शन चाचरत म्हणाला. “गरमी काढायला.”

पाशामियाँनी कार्ड पुन्हा हातात तोललं. “मग चांगल्या जातीचं असंल,” ते म्हणाले. “लोड टाकून दाखव.”

सुदर्शनकडे चालवून दाखवायला एक कॉम्प्युटर होता. त्यानं आळीपाळीनं दोन्ही कार्डं लावली आणि गाड्यांच्या शर्यतीचा खेळ चालवला. नव्या कार्डावर गाडी अशी पळाली, की पाशामियाँनी खुर्चीचा दांडा धरला. जुन्यावर ती जरा अडखळली. निकाल लागला होता. त्यांनी नवं बांधायची खूण केली.

मनतशानं खिशातून पेन ड्राइव्ह काढून काउंटरवर ठेवला. “अब्बा, गिरणीची मोटार तुम्ही रिकामी फिरवून गिऱ्हाइकाला देता का? पीठ टाकून बघता ना? हे खेळाचं झालं. आता माझं ओझं टाकून बघा.”

हे पाशामियाँचंच नेहमीचं बोलणं होतं. त्यांनी सुदर्शनला बांधणं थांबवायची खूण केली.

नव्या कार्डावर किल्ला टाकला. थोडं घुरघुरून पडद्यावर पाटी आली: मेमरी संपली. सुदर्शननं पुन्हा लावून पाहिलं, पुन्हा तीच पाटी. मग जुनं लावलं. ते रेड्याच्या चालीनं चाललं. पण चाललं. हळूहळू खंदक उमटला, मग दरवाजा, मग बुरूज, आणि बुरुजाचा प्रत्येक दगड वेगळा, कुठं तडकलेला, कुठं शेवाळलेला. थंडीभर ही पोरगी कॅमेरा घेऊन किल्ल्यात जाऊन बसायची, आणि उगाच भटकते म्हणून आपण तिला बोलायचो, हे पाशामियाँना आठवलं. त्यांना अभिमान वाटला आणि त्याहून जास्त लाज वाटली.

सुटायची वाट होती. ‘हा नग खराब दिसतो, दुसरा काढा,’ हे वाक्य जिभेवर तयार होतं. त्यांनी मनतशाकडे पाहिलं. आपलं ऐकलं जाणार नाही हे धरून चालणारं माणूस जसं उभं राहतं तशी ती उभी होती, आणि हे तिला आपणच शिकवलं, हे त्यांना सोसेना.

“मला ह्यातलं कळत न्हाई,” पाशामियाँ म्हणाले. “पोरगी म्हणती ते द्या.”

सुदर्शननं मान हलवून बिल करायला घेतलं. त्याच्या लेखी काहीच घडलं नव्हतं. मनतशा मात्र कॉम्प्युटरमागं वाकून पेन ड्राइव्ह शोधत राहिली. तो तिच्या हातातच होता.

उदगीरच्या बसमध्ये ती खोका मांडीवर घेऊन बसली. बऱ्याच वेळानं पाशामियाँनी विचारलं, “बेटा, हे जीबी म्हणजे नेमकं काय असतंय?”

तिनं सांगितलं. काम चालू असताना लागणारं सगळं सामान समोर मांडायची ती जागा. कारागिराचा हात कितीही चलाख असला तरी सामान मांडायला जागा नसली तर तो करणार काय. पाशामियाँनी मान डोलावली. “हाव, कळलं,” म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. वाटेतलं नळेगाव मागं पडलं.

मग ते तिच्याकडे वळले. “न्हाई कळलं,” म्हणाले. “परत सांग.”