शरावतीच्या पाण्यावर पाऊण तास

माझी मुलगी केतकी डॉक्टर झाली आणि तिची एक वर्षाची सक्तीची नेमणूक शरावती नदीवरच्या धरणाच्या बॅकवॉटरपलीकडच्या एका खेड्यातल्या दवाखान्यात झाली. आठ महिने मी तिकडे फिरकले नाही. पलीकडे जायला लाँचशिवाय सोय नाही, आणि मला पाण्याची भीती वाटते. घराजवळच्या सँकी तळ्याला फेरी मारतानाही मी कठड्यापासून दूर चालते. शेवटी निघाले ती तिला बदलीचा अर्ज करायला लावायचंच असं ठरवून.

मल्लेश्वरमच्या घरून मी आणि माझे यजमान श्रीकांत पहाटे पाचला निघालो. तुमकूरच्या अलीकडे क्यातसंद्राला ताटलीएवढी गरम तट्टे इडली जरूर खा. शिवमोग्ग्यापर्यंत रस्ता चांगला आहे, सागरला जेवण आणि पेट्रोल उरकून घ्या. पुढचा तासभर अरुंद, वळणांचा रस्ता. संध्याकाळी पाचनंतर लाँच नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. तिकीट किरकोळ आहे, गाडीचं वेगळं.

लाँच म्हणजे लोखंडी सपाट फळी आणि बाजूला इंजिन. तिच्यावर एक बस, आमची गाडी, गॅसच्या टाक्या, दुधाचे रिकामे कॅन आणि बाजारातून परतणारी माणसं. मी काचा वर करून डोळे मिटून बसले. शेजारी उभ्या बाईंनी काचेवर टकटक केली. "अक्का, भीती वाटते का?"

"स्वल्प," मी खोटं बोलले.

त्या हसल्या. "आमच्या गावात मुलगी द्यायची तर लोक आधी लाँचची वेळ विचारतात. सुपारीची पोती वेळेत पलीकडे गेली नाहीत तर व्यापारी निघून जातो."

पलीकडे केतकी उभी होती. वाळली होती. दोन दिवस तिच्या खोलीत राहिलो, सुपारीच्या बागांतून हिंडलो. बदलीचा विषय मी दोनदा काढला, दोन्ही वेळा दवाखान्यात कुणीतरी आलं आणि बोलणं तुटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघायच्या तयारीत असताना गावातल्या चंद्रू नावाच्या मुलाला दवाखान्यात आणलं. सुपारी उतरवताना झाडावरून पडला होता. मांडी मोडलेली, चेहरा पांढराफटक. "आतून रक्त जातंय. सागरला न्यायलाच हवं," केतकी म्हणाली. त्याला पिकअपमध्ये गादीवर निजवलं, केतकी शेजारी बसली, त्याच्या भावाने सलाईनची बाटली उंच धरली आणि आमची गाडी त्यांच्या मागोमाग लाँचवर चढली.

अर्ध्या पाण्यात इंजिन घरघरलं आणि बंद पडलं. वाहून आलेलं जाळं पंख्यात गुंतलं होतं. लाँच चालवणारे नागप्पा कोयता घेऊन पाण्यात उतरले. वारा जोराचा होता. आम्ही हळूहळू एका बाजूला सरकू लागलो, जिकडे धरणात बुडालेल्या जंगलाची वाळकी खोडं पाण्यातून वर आली होती. एक खोड लाँचच्या कडेला घासलं. तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

नागप्पांनी पाण्यातून ओरडून सांगितलं, "सगळे पुरुष बांबू घ्या, खोडं लांब ढकला." श्रीकांत गाडीतून उतरले. चंद्रूच्या भावालाही जावं लागलं. पिकअपमधून केतकीने मला हाक मारली.

"आई, बाटली धर."

मी दार उघडलं, पण उतरले नाही. गाडीच्या दारापासून पिकअपपर्यंत पाच-सहा पावलं असतील. लाँच एका बाजूला कलली होती आणि कठडा गुडघ्याएवढाच होता. "आई, मला दोन्ही हात लागतात," ती म्हणाली. ओरडली नाही. मी गाडीला धरून धरून गेले, पिकअपमध्ये चढले आणि बाटली दोन्ही हातांनी वर धरली. चंद्रू शुद्धीत होता. त्याने मला विचारलं, "अम्मा, बुडतोय का आपण?"

मला माहीत नव्हतं. "नाही रे," म्हटलं.

केतकी त्याची नाडी पाहत होती. मान वर न करता मराठीत, त्याला कळणार नाही असं, म्हणाली, "मलाही दर वेळी भीती वाटते. तुला सांगितलं नाही."

पाऊण तासाने जाळं सुटलं. इंजिन सुरू झालं, तरी काठ येईपर्यंत मी बाटली खाली केली नाही. पलीकडे रुग्णवाहिका उभी होती. केतकी चंद्रूबरोबर तिच्यात बसली, मला नीट निरोपही देता आला नाही. आम्ही सागरला चहासाठी थांबलो.

घरी येऊन पंधरा दिवस झाले. डोळे मिटले की खोड घासल्याचा आवाज येतो. जाणाऱ्यांना एवढंच सांगते: वारा असेल तर गाडीत बसू नका, बाहेर उभे राहा आणि लाइफ जॅकेट मागून घ्या. भीती कमी झाली असं म्हणणार नाही. आता मला कळतं की तिथली माणसं ही भीती सोबत घेऊनच बाजाराला, लग्नाला, दवाखान्याला जातात.

काल रात्री केतकीचा फोन आला. चंद्रू वाचला, शस्त्रक्रियेनंतर आता घरीही परतला. मग तिने विचारलं,

"आई, बदलीचा अर्ज करू का? तू म्हणालीस तर करते."

आठ महिने मी हेच ऐकायला थांबले होते. हो म्हणायला तोंड उघडलं आणि चंद्रूने विचारलेलं आठवलं.

"तुझ्या जागी दुसरं कुणी येणार आहे का?" मी विचारलं.

"नाही."

"मग अर्ज राहू दे. पुढच्या महिन्यात मीच येते," मी म्हटलं, आणि तिला लाँचच्या वेळा विचारून घेतल्या.