लोखंड मुनीरभाईंचं, मोबाईल माझा

औरंगपुऱ्यातला एक हार्डवेअरवाला, मुनीरभाई दिसले की, बोल्टचा डबा त्यांच्यापुढं सरकवायचा आणि स्वतः दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळायचा. त्याला ठाऊक होतं, आता अर्धा तास जाणार. मुनीरभाई एकेक बोल्ट उचलायचे, आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवायचे आणि विसातले बारा परत डब्यात टाकायचे. "हे नक्को. हे बी नक्को. याचे आटे बसलेत, मियाँ, हे तुझ्या दुश्मनाला वीक." दुकानदार हसायचा. नख फिरवून नाकारलेला बोल्ट खरंच खराब निघतो, हे त्यानं एकदा पैज लावून पाहिलं होतं.

वाळूजच्या ज्या कारखान्यात मी तपासणी विभागात लागलो, तिथल्या टूलरूममध्ये ते फिटर होते. मी वैजापूरकडचा, शेतकऱ्याचा पोरगा, हातात नवा डिप्लोमा आणि डोक्यात भलतीच हवा. पहिल्याच आठवड्यात मी त्यांचा एक पीस नापास केला. ते भांडले नाहीत. माझ्या हातातलं मोजमापाचं यंत्र घेतलं, फडक्यानं पुसलं आणि म्हणाले, "आता मोज." पीस पास झाला. "पाटील, यंत्राला बी तोंड धुवायला लागतं," एवढंच बोलले. मी खजील झालो आणि त्या दिवसापासून त्यांचा झालो.

ते रिटायर झाल्यावरही रोशन गेटजवळच्या त्यांच्या घरी माझं जाणं-येणं सुरू राहिलं. तिथंच मी त्यांना मोबाईलवर विजेवर चालणारं एकचाकी वाहन दाखवलं. एकच चाक, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला पट्ट्या, बस्स. माणूस पुढं झुकला की ते पुढं जातं, मागं झुकला की थांबतं. मला तयार घ्यायचं होतं. मुनीरभाईंनी चष्मा वर करून त्याचं चाक पाहिलं.

"एवढंसं? आपल्या रोडवरचा खड्डा गिळून टाकंल की त्याला. चाक मोठं पाहिजे, मोटारसायकलचं. बनवू आपण."

लोकांनी वेड्यात काढलं तरी ते बनवू म्हणाले म्हणजे बनणारच. पोटात मोटर असलेलं चाक, बॅटरी आणि तोल सांभाळणारं सर्किट आम्ही बाहेरून मागवलं. बाकी सगळं त्यांनी अंगणात बसून कानशीनं घासून उभं केलं. कामाची वाटणी त्यांनी पहिल्याच दिवशी करून टाकली होती: "लोखंड माझं, मोबाईल तुझा. मी तुझ्यात बोट घालणार नाय, तू माझ्यात घालू नको." सर्किटच्या सगळ्या सेटिंग मोबाईलवरून व्हायच्या, त्या माझ्याकडं.

त्यातली एक महत्त्वाची होती. ठराविक वेगाच्या वर गेलं की पायाखालच्या पट्ट्या आपोआप मागं कलायच्या, माणसाला मागं रेटायच्या. सावकाश जा, असं सांगण्याची ती पद्धत, आणि ती मी मुनीरभाईंना समजावून सांगितली होती. त्यापुढं ताणलं तर मोटर तोल सांभाळू शकत नाही. मला मात्र तो वेग फारच कमी वाटला. चाचणीला कारखान्यातले सहकारी येणार होते, त्यांच्यासमोर आपलं यंत्र कासवासारखं चालणार की काय? आदल्या संध्याकाळी मी ती मर्यादा काढून टाकली. विचार होता की मी चढीन, मी सांभाळीन. आणि मुनीरभाईंना सांगितलं नाही, कारण मोबाईल माझा.

सकाळी वाळूजच्या एका मोकळ्या रस्त्यावर सगळे जमले. मी हेल्मेट उचललं तर मुनीरभाईंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "बनवलं कुणी? मग पहिलं कोण चढंल?" टूलरूममध्येही ते असंच करायचे, नव्या साच्याचा, डायचा, पहिला ठोका स्वतः घ्यायचे. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. चारचौघांत लाज वाटली, दुसरं काही नाही. ते झकास निघाले, वेग वाढवत गेले, पट्ट्या मागं कलतील म्हणून बिनधास्त झुकले. पट्ट्या कलल्या नाहीत. ते तोंडावर आपटले आणि उजवं मनगट मोडलं.

कँटीनमध्ये दोन दिवस एकच विषय होता. मुनीरभाईंचा माल फेल गेला. मी मान खाली घालून जेवत होतो.

तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो तेव्हा एकचाकीचा प्रत्येक भाग चादरीवर पसरलेला होता. प्लॅस्टरमधला हात मांडीवर ठेवून ते डाव्या हाताच्या नखानं एकेक बोल्ट तपासत होते. भाभी दारातच मला म्हणाल्या, "रोज हेच चाललंय. चूक सापडत नाही, म्हणून जेवण गोड लागत नाही." मुनीरभाईंनी वर पाहिलंच नाही. "पाटील, माझी पेटी घेऊन जा टूलरूममध्ये. कुणाला कामाला येईल. हात गेला तर चालतं रे, माझी नजर गेली."

मग मला राहवलं नाही. सगळं सांगितलं, अगदी लाजेपर्यंत.

त्यांनी हातातला बोल्ट चादरीवर ठेवला. "म्हणजे माझं काम बरोबर होतं?"

"एकदम बरोबर होतं, मुनीरभाई."

"हाड जुळतं, मियाँ. तीन हप्ते मी माझ्यावरच शक घेतला. ते कसं भरून देशील?"

त्यांनीच विषय मोडला. "पाना घे. आणि तो मोबाईल हिकडं दाखव, कुठं असतं ते." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ती सेटिंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, माझ्याकडून जागेवर आणवली आणि दोनदा वाचून घेतली. मग ते सांगत गेले, मी जोडत गेलो. शेवटचा बोल्ट बसला तसे ते हेल्मेट मागू लागले. भाभी आडव्या आल्या.

"हात मोडलाय तुमचा."

"हात कुठं लागतो याला?" म्हणाले आणि चढले.

पांढरा हात छातीशी धरून ते गल्लीतून ताठ निघाले. मी मागं पळत होतो. कोपऱ्यावर वेगात आले तशा पट्ट्या मागं कलल्या, आणि ते समजून सावकाश झाले. चहाच्या टपरीवर कारखान्यातले दोघे उभे होते. त्यांच्यातल्या एकानं हाक मारली, "काय मुनीरभाई, दुरुस्त केलं व्हय?"

मी त्यांच्या मागोमाग पोचलो होतो. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"बिघडलंच कवा होतं?" म्हणाले, आणि पुढं गेले. मी मात्र टपरीवर थांबलो. त्या दोघांना खरं काय ते मला सांगायचं होतं.