कळसच्या सुनेची स्कूटी

एमआयडीसीतल्या कंपनीची बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबायला लागली आणि बारामतीतली आमची गल्ली गेली कामातून. कळस, कळंब, पार वालचंदनगरकडून कामगार सकाळी गाडीवर यायचे, गाडी आमच्या दारात लावायचे आणि बसमध्ये चढायचे. दिवसभर ती गाडी तिथंच. दूधवाल्याला आत यायला वाट नाही, पाण्याचा टँकर कोपऱ्यावर उभा राहून नुसता हॉर्न वाजवतोय. मी तोंडाची फटकळ, हे अख्खी गल्ली जाणते. मी एकेकाला असं झापलं की बरेचजण माझं फाटक टाळून समोरच्या तात्यांच्या फाटकापाशी गाड्या लावायला लागले.

तात्या तसे भले माणूस. पण त्यांच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दवाखान्यातून आणलेली रिक्षा गाड्यांच्या गर्दीमुळे दारापर्यंत येईना. काकी वॉकर घेऊन हँडलं चुकवत चालत आल्या, मध्ये एकदा पडता पडता वाचल्या. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मी पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून बस गेली की ते काडेपेटीची काडी घेऊन बाहेर यायचे आणि फाटकासमोर उभ्या असतील त्या सगळ्या गाड्यांची हवा सोडायचे. त्यांना अडवणार कुठल्या तोंडाने? काकींचे हाल सगळ्यांनीच पाहिले होते.

एका संध्याकाळी निळ्या स्कूटीवाली मुलगी माझ्या दारात आली. कळसची सून, लग्नाला वर्षही झालेलं नाही. "काकू, हवा भरायला काही मिळंल का?" एवढं विचारलं आणि रडायलाच लागली. मी तिला पाणी दिलं, बसवलं. नोकरीला सासऱ्यांनी एकाच अटीवर हो म्हटलं होतं, दिवेलागणीच्या आत घरात पाहिजे. तात्यांच्या काडीमुळे ती दुसऱ्यांदा अडकली होती, आणि घरात कुणाचा विश्वास बसत नव्हता. सासरे म्हणाले होते, "गावात एवढ्या गाड्या हायती, तुझ्याच गाडीची हवा कशी जाती गं?" आता पुन्हा उशीर झाला की नोकरी बंद. स्वतःच्या हिमतीवर मिळवलेलं काम असं काडीने जावं, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मी शेजारचा पंप आणून तिला वेळेत वाटेला लावलं आणि तशीच तात्यांकडे गेले. म्हटलं, "तात्या, ती निळी स्कूटी सोडा. ती माझी मानलेली लेक आहे."

"वहिनी," तात्या म्हणाले, "उद्या गल्लीत उभी राहणारी प्रत्येक गाडी कुणाच्या ना कुणाच्या मानलेल्या लेकराची निघेल. मी काय करायचं?"

मी परत आले. आमच्या फाटकाच्या आत आमच्या ह्यांची मोटार, स्कूटीला जागा कुठली? मी मुलीला सांगितलं, माझ्या दारासमोर लावत जा. चार-आठ दिवस बरे गेले. मग एका सकाळी माझ्या दारात कुणी मेल्याने जीप लावली, मुलीची बस सुटायला आलेली, आणि ती घाईत स्कूटी तात्यांच्या फाटकाशी ठेवून पळाली. मी आंघोळ करून बाहेर येईपर्यंत काडीने आपलं काम केलं होतं.

आणि नेमके त्याच दिवशी दुपारी तिचे सासरे, आबा, आले. बाजार समितीत काम होतं म्हणे, पण मनात सुनेचा छडा लावायचा होता. गल्लीच्या कोपऱ्यावर तात्या उभे होते, त्यांना आबांनी, सुनेच्या तोंडी नाव ऐकलेलं म्हणून, माझं घर विचारलं. आता आमच्या गल्लीची एक रीत आहे. कुणाचाही व्याही पहिल्यांदा आला की गल्लीतल्या वडीलधाऱ्याने टॉवेल-टोपी देऊन त्याचा मान करायचा. माझी लेक इंदापुरात दिलेली, तिचे सासरे तात्यांनी कधी पाहिलेले नाहीत. धोतर, पांढऱ्या मिशा आणि तोंडात माझं घर, तात्यांनी हिशोब लावला. आबांचा हात धरून त्यांना माझ्या ओसरीवर बसवलं, धावत घरी जाऊन टॉवेल-टोपी आणली, नारळ हातात दिला, टोपी स्वतःच्या हाताने आबांच्या डोक्यावर ठेवली आणि वाकून नमस्कार केला. मी माझा चहाचा कप घेऊन बाहेर आले तर हा सोहळा. आबा भांडायला आलेले, आणि मांडीवर नारळ घेऊन भांडायचं कसं हे त्यांना कळेना.

"आमी कळसचं," ते कसेबसे म्हणाले. "आमची सून हितं गाडी लावती, तिच्यापायी आलोय."

मला काही गप्प बसवेना. "तात्या, हे माझे व्याही नव्हेत. सकाळी तुम्ही ज्या स्कूटीची हवा सोडलीत ना, तिचे सासरे आहेत. त्या हवेपायी ह्यांच्या सुनेची नोकरी सुटायला आलीय."

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं, फाटकाशी बसलेल्या टायरकडे पाहिलं. "म्हंजी पोरगी खरं बोलत व्हती," ते हळू आवाजात म्हणाले. त्या माणसाचा राग कुठल्या कुठे गेला, उरली ती नुसती शरम. मला आबांची दयाच आली.

तात्यांनी मग काकींचं सगळं सांगितलं, वॉकरसकट. आबा ऐकत राहिले, म्हणाले, "तुमचंबी खोटं न्हाय." तात्या उठले, पंप मागून आणला आणि चाकापाशी बसून स्वतः हवा भरली. दम लागला तरी आबांना हात लावू दिला नाही. "उद्यापासून पोरीची गाडी आत माझ्या भिंतीला लागेल," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी बस आली. मुलगी उतरली, सासऱ्यांना पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. चेहरा पार उतरला. "आबा, खरंच सांगते, हवा..."

"कळलं समदं," आबा म्हणाले. "आमचंच चुकलं. चल, घरी तुझ्या सासूला मी सांगतो. सकाळी कामावर जायचंय न्हवं तुला?" आणि तिच्या स्कूटीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले.